विहारनौका, मद्यपान आणि कायदा : अमेरिकेतील एका प्रश्नाचा इतिहास (१९१०–२०२४)

जलप्रवासातील अपघातांचा विचार निघाला म्हणजे मोठ्या प्रवासी जहाजांच्या दुर्घटनाच प्रथम डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मराठी वाचकाला १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे जाताना बुडालेली ‘रामदास’ बोट आठवते. त्या एका सकाळी सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि कोकणच्या किनाऱ्यावरील पिढ्यांच्या स्मरणात ती तारीख कोरली गेली. विसाव्या शतकातील अमेरिकेत मात्र पाण्यावरील मृत्यूचे एक अगदी निराळे रूप आढळते. सुटीचा दिवस, स्वच्छ हवा, शांत तलाव, पंधरा-सोळा फूट लांबीची स्वतःच्या मालकीची नौका, तीत दोन-तीन स्नेही, आणि त्यांपैकी एकाचा तोल जाऊन पाण्यात पडून झालेला मृत्यू. अशा घटनेला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. परंतु वर्षाअखेरीस अशा चार-चार ओळींची बेरीज केली, तर ती एखाद्या मोठ्या जहाजाच्या बुडण्याहूनही भयंकर ठरते. ही बेरीज करण्याचे काम अमेरिकेच्या शासनाने बऱ्याच उशिरा हाती घेतले. मद्यपानाचा तिच्याशी असलेला संबंध ओळखण्यास त्याहून अधिक काळ लागला, आणि ओळखल्यानंतर जो उपाय योजण्यात आला, तो मुख्यत्वे रस्त्यावरील मोटारीच्या कायद्यावरून उचललेला होता. नौका ही मोटार नव्हे, हे ध्यानात न घेतल्यामुळे त्या उपायात एक उणीव राहून गेली.

अमेरिकेतील जलवाहतुकीच्या कायद्याचा उगम आगबोटींच्या बाष्पपात्रांच्या स्फोटांत आहे. मिसिसिपी व ओहायो या नद्यांवर एकामागून एक झालेल्या स्फोटांमुळे काँग्रेसने १८३८ मध्ये पहिला आणि १८५२ मध्ये दुसरा, अधिक कडक कायदा केला. दुसऱ्या कायद्याने बोटींची तपासणी आणि तांडेल व यंत्रचालक यांना परवाने ही पद्धत रूढ केली. या कायद्यांमागील तत्त्व स्पष्ट होते. भाडे देऊन बोटीत बसणारा उतारू आपला जीव दुसऱ्याच्या हाती सोपवतो. त्याला बाष्पपात्राची पारख नसते, म्हणून त्याच्या वतीने ती शासनाने करावयाची. स्वतःची होडी घेऊन स्वतःच्या करमणुकीसाठी पाण्यात उतरणारा मनुष्य या व्यवस्थेत कोठेच बसत नव्हता. तो उतारूही तोच आणि तांडेलही तोच. त्याचे रक्षण कोणापासून करावयाचे, हा प्रश्नच त्या काळी संभवत नव्हता.

१९०९ च्या सुमारास मिल्वॉकी येथील ओले एव्हिन्रूड याने होडीच्या मागील कडेला अडकविता येईल असे सुटसुटीत पेट्रोल-यंत्र बाजारात आणले, आणि साध्या वल्ह्याच्या होडीची यंत्रनौका करणे सामान्य मनुष्याच्या आवाक्यात आले. १९१० च्या मोटारबोट कायद्याने अशा नौकांवर दिवे, इशाऱ्याची शिटी, तरंगण्याची साधने आणि पेट्रोलची आग विझविण्याची सोय आवश्यक ठरविली. खाजगी नौका चालविणाऱ्याला परवाना मात्र लागत नव्हता. जो भाडे घेऊन उतारू नेतो, त्यालाच तो घ्यावा लागे.

यानंतरच्या दारूबंदीच्या काळात, म्हणजे १९२० ते १९३३ या वर्षांत, यंत्रनौका आणि मद्य यांचा संबंध फार निकटचा होता, पण तो निराळ्या प्रकारचा. अटलांटिक किनाऱ्यावर हद्दीबाहेर नांगरून उभ्या असलेल्या जहाजांवरून दारूची खोकी उतरवून रातोरात किनारा गाठणाऱ्या वेगवान नौका आणि त्यांचा पाठलाग करणारे तटरक्षक दल, हे त्या दशकाचे एक परिचित दृश्य आहे. तटरक्षक दलाला त्या वेळी चिंता होती ती नौकेच्या तळात किती दारू आहे याची. सुकाणू धरणाऱ्याच्या पोटात किती आहे हे विचारण्याचे कोणास कारण नव्हते. ज्या दलावर पुढे हा दुसरा प्रश्न विचारण्याचे काम आले, ते हेच, हा इतिहासाचा थोडासा विनोद म्हणावा लागेल.

१९४० च्या मोटारबोट कायद्याने प्रथमच नौका चालविणाऱ्याच्या वर्तनाकडे लक्ष वळविले. दुसऱ्याच्या जीविताला, शरीराला किंवा मालमत्तेला धोका पोचेल अशा बेदरकार वा निष्काळजी रीतीने नौका चालविणाऱ्यास दोन हजार डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, अशी तरतूद त्यात होती. मद्याचा उल्लेख या कलमात नाही. नशेत नौका चालविणे ही निष्काळजीपणाची एक खूण म्हणून न्यायालयापुढे मांडता येई, एवढेच. धोक्याची कल्पनाही ‘दुसऱ्याला’ पोचणाऱ्या धोक्याची होती. आपल्याच नौकेतून पडून मरणारा मनुष्य या कलमाच्या कक्षेत येत नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. टेनेसी खोऱ्यात आणि पश्चिमेकडे धरणे बांधली गेली होती. हूव्हर धरणामागे लेक मीड, मिसूरी राज्यात बॅग्नेल धरणामागे लेक ऑफ द ओझार्क्स असे विस्तीर्ण कृत्रिम जलाशय निर्माण झाले होते. ज्या प्रदेशांत समुद्र तर सोडाच, पण मोठे सरोवरही लोकांच्या परिचयाचे नव्हते, तेथे आता शनिवार-रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे पाण्यावर जाऊ लागली. काचतंतूंच्या साच्यातून काढलेल्या नौका लाकडी नौकांपेक्षा देखभालीस सोप्या होत्या, आणि मोटारीमागे गाडा जोडून त्या घरून तलावापर्यंत नेता येत. या नव्या नौकाधारकांचा पाण्याशी वंशपरंपरागत संबंध नव्हता. कोळी किंवा खलाशी यांच्या अंगी जी सावधगिरी लहानपणापासून मुरते, ती दुकानातून नौकेबरोबर विकत मिळत नाही. दुसरी गोष्ट अशी की, तलावावरचा दिवस हा बर्फाच्या पेटीत थंड केलेल्या बिअरचा दिवस, ही कल्पना याच काळात रूढ झाली.

१९५८ चा संघीय नौकाविहार कायदा हा या बदलाला मिळालेला पहिला प्रतिसाद होय. उत्तर कॅरोलायनाचे प्रतिनिधी हर्बर्ट बॉनर यांच्या नावाने तो ओळखला जातो. दहा अश्वशक्तीहून अधिक यंत्राच्या नौकांची नोंदणी राज्यांनी करावी आणि अपघातांची माहिती ठरावीक नमुन्यात गोळा व्हावी, अशी व्यवस्था त्याने केली. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या कायद्याचे महत्त्व त्याच्या निर्बंधांत नसून त्याच्या कागदपत्रांत आहे. विखुरलेल्या मृत्यूंची बेरीज यानंतरच शक्य झाली, आणि तटरक्षक दलाच्या वार्षिक आकडेवारीची मालिका सुरू झाली.

ही बेरीज वाढत जाऊन १९७३ मध्ये १,७५४ या आकड्याला पोचली. एवढे मृत्यू त्यानंतर कोणत्याही वर्षी झालेले नाहीत. मात्र हा उतार सुरू होण्यास जो कायदा मुख्यतः कारणीभूत झाला, तो मद्यपानासंबंधी नव्हता. ऑगस्ट १९७१ मध्ये संमत झालेल्या संघीय नौका सुरक्षा कायद्याने प्रथमच नौका बांधणाऱ्या कारखानदारांवर बंधने घातली. नौकेत किती माणसे, किती वजन आणि किती शक्तीचे यंत्र चालेल हे दर्शविणारी पाटी लावणे आवश्यक झाले. याहून महत्त्वाचा नियम तरंगण्याचा होता. पूर्वीच्या नौकेत पाणी भरले म्हणजे यंत्राच्या वजनाने तिची मागील बाजू खाली जाई, पुढील टोक तेवढे पाण्यावर राही आणि धरून राहण्यास कोणाला काही उरत नसे. वीस फुटांखालील, बाहेरून यंत्र जोडावयाच्या नव्या नौकांत फेसाळ पदार्थाचे भराव अशा रीतीने घालावे लागले की, ती पाण्याने भरली तरी सपाट तरंगत राहावी आणि आतील माणसांना तिच्यातच बसून मदतीची वाट पाहता यावी. हा नियम नौकेतील मनुष्य शुद्धीवर आहे की नाही, तो कायदा पाळणारा आहे की नाही, हे विचारीत नव्हता. तो चुकणार हे गृहीत धरून त्याची चूक प्राणघातक होऊ नये, एवढीच त्याची खटपट होती.

मद्यपानाचा प्रश्न स्वतंत्रपणे पुढे आला तो १९८० नंतर, आणि तो रस्त्यावरून आला. मोटार चालविणाऱ्याच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण मोजून त्यावरून नशा ठरविण्याची पद्धत इंडियाना राज्याने १९३९ मध्ये कायद्यात आणली होती. तेव्हाची मर्यादा ०·१५ टक्के इतकी सैल होती. १९८० मध्ये नशाबाज वाहनचालकांमुळे मुले गमावलेल्या मातांची संघटना स्थापन झाली, आणि तिच्या चळवळीने लोकमत ढवळून निघाले. जुलै १९८४ मध्ये मद्यपानाचे किमान वय सर्व राज्यांत एकवीस व्हावे यासाठी महामार्गांच्या अनुदानाचा अंकुश लावणारा कायदा संमत झाला. याच वातावरणात राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८३ मध्ये विहारनौका आणि मद्य या विषयावर एक पाहणी प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसने नशेत नौका चालविणे हा स्वतंत्र संघीय अपराध ठरविला. नशा म्हणजे काय, याची व्याख्या तटरक्षक दलाच्या डिसेंबर १९८७ च्या नियमांनी केली. हे नियम जानेवारी १९८८ पासून अमलात आले. व्यापारी जहाजांवरील कामगारांसाठी मर्यादा ०·०४ टक्के, आणि विहारनौका चालविणाऱ्यासाठी ०·१० टक्के. रस्त्यावरील मर्यादा ०·०८ कडे सरकू लागल्यावर मे २००१ पासून नौकेची मर्यादाही तेथेच आली. राज्याचा स्वतःचा कायदा असेल तेथे त्याची मर्यादा लागू होई.

अशा प्रकारे मोजमापाचा आकडा, तो मोजण्याचे यंत्र आणि दंडाची पायरी या तिन्ही गोष्टी रस्त्यावरून तलावावर आल्या. त्यांपैकी काहींचे पाण्यावर काय होते, याचा अनुभव तटरक्षकांना आणि राज्यांच्या जलपोलिसांना लवकरच आला. रस्त्यावर संशयिताला एका पायावर उभे राहण्यास किंवा आखलेल्या रेषेवरून चालण्यास सांगतात. डुलणाऱ्या नौकेत शुद्धीवरील मनुष्यालाही ते साधत नाही, आणि दिवसभर पाण्यावर राहिलेला मनुष्य किनाऱ्यावर उतरल्यावरही काही वेळ झोके खात असतो. म्हणून बसल्या जागी करावयाच्या चाचण्या शोधाव्या लागल्या. डोळ्यांनी बोटाचा मागोवा घेणे, बोटाने नाकाचा शेंडा शिवणे, तळहात पालथा-उलथा करीत टाळी देणे, मुठींची ठरावीक क्रमाने हालचाल करणे, अशा या चाचण्या होत. त्यांची शास्त्रीय परीक्षा होऊन त्यांना मान्यता मिळण्यास २०१० चे साल उजाडले. म्हणजे कायदा झाल्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे तो राबविण्याचे एक मुख्य साधन उसने आणि जागेशी न जुळणारे होते.

परंतु चाचणीची अडचण ही वरवरची अडचण होय. खरा प्रश्न, धोका कोणाला असतो, हा होता. मोटारीत तो मुख्यतः चालकाच्या चुकीतून निर्माण होतो. मागच्या आसनावर बसून कितीही प्यायलेला मनुष्य, चालक शुद्धीवर असेल तर, सुखरूप घरी पोचतो. ‘एकाने प्यावयाचे नाही, बाकीच्यांनी प्यावे’ हा सुप्रसिद्ध तोडगा याच अनुभवावर उभा आहे. नौकेला दारे नाहीत, आसनाला पट्टे नाहीत, तिचा काठ गुडघ्याएवढा, आणि तिच्याभोवती चहूबाजूंनी जी वस्तू आहे ती स्वतःच मारक आहे. नौकेत उभे राहणे, जागा बदलणे, माशाचा गळ ओढणे, देहधर्मासाठी काठाशी जाणे, यांपैकी कोणत्याही क्षणी तोल जाण्याचा संभव असतो, आणि तोल सांभाळणारी इंद्रिये मद्य सर्वांत आधी बधिर करते. पाण्यात पडल्यावरही मद्याचे काम थांबत नाही. त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे थंड पाण्यात शरीराची उष्णता अधिक वेगाने जाते, आणि संकटात लागणारी निर्णयशक्ती उरलेली नसते. नौका नांगरून उभी असली तरी यात काही फरक पडत नाही. १९९३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात काही संशोधकांनी हा मुद्दा मांडला आणि केवळ चालकावर रोख ठेवणाऱ्या धोरणाविषयी शंका व्यक्त केली. तेव्हा तो मुख्यतः तर्क होता.

पुरावा डिसेंबर २००१ मध्ये त्याच नियतकालिकातून आला, आणि तो या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. मेरीलँड आणि उत्तर कॅरोलायना या दोन राज्यांत १९९० ते १९९८ या काळात विहारनौकांच्या अपघातांत मृत्यू पावलेल्या २२१ प्रौढ व्यक्तींची संशोधकांनी नोंद घेतली. केवळ मृतांच्या रक्तात मद्य सापडले, यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण तलावावरील जिवंत मंडळीही पीत असू शकतात. म्हणून त्यांनी १९९७ ते १९९९ या वर्षांत त्याच राज्यांच्या पाण्यावर ३,९४३ नौकाविहारी लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांनी किती मद्य घेतले आहे याची श्वासचाचणीने तपासणी केली. दोन्ही गटांची तुलना केली असता असे दिसले की, रक्तातील मद्यार्क ०·०१ टक्के एवढा किंचित असतानाच मृत्यूचा संभव न प्यायलेल्याच्या तुलनेत १·३ पट होतो, आणि ०·२५ टक्क्यांवर तो ५२·४ पट होतो. धोक्याला प्रारंभ होण्यासाठी ०·०८ ची वाट पाहावी लागत नव्हती. याहूनही महत्त्वाचा निष्कर्ष असा की, वाढलेला धोका नौका चालविणाऱ्याला आणि नुसते बसून असणाऱ्याला सारखाच होता. नौका चालू होती की थांबलेली, यानेही त्यात बदल होत नव्हता.

हा निष्कर्ष कायद्याच्या मुळाशी जाणारा होता. संघीय नियमाचे कलम ‘चालविणाऱ्या’वर आहे, बसणारा त्याच्या कक्षेत येत नाही, आणि बहुतेक राज्यांत नौकेतील इतरांनी पिण्यास हरकत नाही. त्याच वर्षी मर्यादा ०·१० वरून ०·०८ वर आणून कायद्याने एक पाऊल पुढे टाकले खरे. पण ते पाऊल रस्त्याच्याच दिशेचे होते.

इंग्लंडमधील अनुभव येथे ताडून पाहण्यासारखा आहे, कारण तेथे हा प्रश्न नेमका उलट्या टोकाने आला. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे लंडनमध्ये टेम्स नदीवर ‘मार्शिओनेस’ ही विहारनौका ‘बोबेल’ या गाळ उपसणाऱ्या जहाजाची धडक बसून बुडाली आणि ५१ जण मृत्यू पावले. दोन्ही नौकांवर पुढे पाहण्याची व्यवस्था सदोष होती, हे मुख्य कारण. परंतु जहाजाच्या कप्तानाने आदल्या दुपारी बिअर घेतली होती, ही गोष्टही पुष्कळ चर्चिली गेली. चौदा वर्षांनंतर, २००३ च्या रेल्वे व वाहतूक सुरक्षा कायद्यात व्यावसायिक खलाशांसाठी मद्यार्काची मर्यादा घालण्यात आली आणि ती २००४ मध्ये अमलात आली. त्याच कायद्यातील ८० वे कलम हौशी नौकाधारकांसाठी आहे. ते लिहून तयार होते, संसदेने संमत केलेले होते, पण किती लांबीच्या व किती वेगाच्या नौका त्यातून वगळाव्यात, यावर विचारविनिमय होत राहिला आणि वीस वर्षे उलटली तरी ते अमलात आणले गेले नव्हते. २००५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने पाण्यावरील स्कूटर हे जहाजच नव्हे असा निर्णय दिल्यामुळे तर जुन्या नौवहन कायद्याचा आधारही डळमळला. ती उणीव २०२३ च्या एका आदेशाने भरून काढावी लागली. दोन्ही देशांच्या कायद्यांत एक गोष्ट मात्र समान आहे. ब्रिटिश कलमही ‘नौकानयनाशी संबंधित काम करणाऱ्या’पुरतेच आहे, जो काही काम करीत नाही, तो तेथेही मोकळाच.

प्रवाशाच्या पिण्यावर बंदी घालण्याचा मार्ग अमेरिकेत राजकीय दृष्ट्या कधीच सोपा नव्हता, आणि दारूबंदीचा अनुभव घेतलेल्या समाजाने तो टाळला यात नवल नाही. २००९ पासून राज्यांच्या नौकाविहार-अधिकाऱ्यांच्या संघटनेने तटरक्षक दलाच्या सहकार्याने, ४ जुलैच्या सुटीच्या सुमारास, मद्यपी नौकाचालकांविरुद्ध देशव्यापी तपासणीची मोहीम सुरू केली. तिचाही मुख्य रोख सुकाणू धरणाऱ्यावरच आहे. दुसरा मार्ग लाइफ जॅकेटचा. नौकेत ते ठेवणे १९१० पासूनच्या परंपरेने आवश्यक आहे. अंगात घालणे मात्र प्रौढाच्या मर्जीवर राहिले. तेरा वर्षांखालील मुलांसाठी संघीय नियम २००२ मध्ये झाला. मोठ्यांवर सक्तीचा प्रयोग लष्करी अभियंता दलाने उत्तर मिसिसिपीतील आपल्या चार जलाशयांवर २००९ पासून करून पाहिला, आणि तेथे जॅकेट घालणाऱ्या प्रौढांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. तरीही ही सक्ती देशभर पसरली नाही. उकाडा, सवय आणि ‘आमच्या नौकेत आम्ही काय घालावे हे सरकारने सांगू नये’ ही वृत्ती, या तिन्हींचा त्यात वाटा आहे. यांपैकी तिसरे कारण १८५२ च्या तत्त्वाचेच वंशज दिसते. जो आपला आपण तांडेल आहे, त्याचे रक्षण कोणापासून करावयाचे?

२०२४ च्या आकडेवारीत ५५६ मृत्यू नोंदले आहेत. पन्नास वर्षांतील हा नीचांक आहे, आणि नोंदणीकृत नौकांची संख्या १९७३ च्या मानाने पुष्कळच वाढली असताना तो गाठला गेला आहे. यांपैकी तीन-चतुर्थांश माणसे बुडून मेली, आणि बुडून मेलेल्यांपैकी शंभरात ८७ जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. ज्या मृत्यूंचे प्रमुख कारण निश्चित करता आले, त्यांत सुमारे एक-पंचमांश प्रकरणांत ते कारण मद्य हे होते. ज्ञात कारणांत त्याचा क्रमांक पहिला लागतो. या मृतांपैकी नौका कितीजण चालवीत होते आणि कितीजण नुसते बसले होते, हे गुन्हा ठरविणाऱ्या कलमाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पाण्याच्या दृष्टीने मात्र त्यात फरक नव्हता, हे २००१ मध्येच दिसून आले होते.